लाँच

लाँच (स्त्रीलिंगी नाम) : कोकण किनाऱ्यावर उतारू वाहणारी इंजिनाची होडी. भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसला किंवा गेटवेवरून मांडव्याला सुटते ती लाँच. शिडाची ती साधी होडी, मोटारी पोटात घेते ती फेरीबोट. लाँच या दोन्हींहून वेगळी.

मराठीत शब्द इंग्रजीतून आला. इंग्रजीतही तो उसनाच. स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’ सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी उचलला. त्यामागे बहुधा मलय भाषेतला ‘लांचारान’ आहे. ‘लांचार’ म्हणजे विनासायास वेग. युद्धनौकेवरच्या सर्वांत मोठ्या होडीला इंग्रज खलाशी लाँच म्हणत. पुढे वाफेच्या आणि तेलाच्या इंजिनांवर चालणाऱ्या छोट्या बोटींना तेच नाव पडले. गंमत अशी की, अलिबागजवळचे चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, पाव, बटाटा, चावी हे शब्द मराठीने त्यांच्याकडूनच घेतले. पण होडीचा हा शब्द मात्र इंग्रजी उच्चार घेऊन आला.

‘नवा फोन लाँच झाला’ यातला लाँच निराळ्या कुळातला. लॅटिन ‘लांसेआ’ म्हणजे भाला. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेकणे’ या अर्थाचे क्रियापद झाले, ते इंग्रजीत आले. आधी भाला फेकणे, मग बांधलेले जहाज पाण्यात लोटणे, मग अग्निबाण सोडणे आणि शेवटी फोन, मालिका, पक्ष असे काहीही बाजारात आणणे. कोकणातल्या फौजी घरांत ऐकू येणाऱ्या ‘लान्स नाईक’मध्ये आणि हल्लीच्या ‘फ्रीलान्सर’मध्येही हाच भाला आहे. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे स्पेलिंग एकच, म्हणून ते एकच वाटतात. मराठीने नकळत त्यांची फारकत केली: होडी ती ‘ती लाँच’, दुसरा बहुधा ‘करणे-होणे’ला चिकटूनच येतो. त्यामुळे ‘नवी लाँच लाँच केली’ हे वाक्य ऐकायला विचित्र असले, तरी चूक नाही.

लिहिताना चंद्रबिंदू जपावा. तो गळाला की ‘लाच’ उरते.

‘लाँच लागली’ म्हणजे ती धक्क्याला आली. ‘बोट लागली’ याचे मात्र दोन अर्थ: बोट धक्क्याला आली किंवा बोलणाऱ्याला मळमळते आहे. कोणता घ्यायचा, ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे. पावसाळ्यात दर्या खवळला की गेटवे-मांडवा फेऱ्या थांबतात. तेव्हा ‘लाँच बंद’ एवढे म्हटले की अलिबागकर मुकाट्याने एसटी धरतो.