एका टेस्टमध्ये एकच असर्ट? नियम तसा नाही

कोडसाठी टेस्ट लिहिताना ‘एका टेस्टमध्ये एकच असर्ट’, म्हणजे निकाल अपेक्षेप्रमाणे आला का याची एकच तपासणी, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर एका टेस्टमध्ये एकच वर्तन तपासायचं असतं. 1,000 रुपयांच्या बिलावर 10 टक्के सूट दिली, तर सूट 100 आणि देय रक्कम 900 हे एकाच कृतीचे परिणाम. दोन टेस्ट केल्या, तर बिल तयार करण्याची तीच मांडणी उगाच दोनदा वाचावी लागते.

मूळ भीती मात्र रास्त आहे: पहिला असर्ट फेल झाला की पुढचे चालतच नाहीत. त्यासाठी जेयुनिट 5 या जावाच्या टेस्टिंग फ्रेमवर्कमध्ये असर्टऑल आहे. प्रत्येक तपासणी वेगळा लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) म्हणून द्या. सगळ्या चालतात, सगळी अपयशं एकत्र दिसतात. त्याआधी असर्टनॉटनल (बिल नल, म्हणजे अस्तित्वातच नसलेलं, नाही ना हे तपासणारा असर्ट) लिहाच, नाहीतर बिलच नल असताना प्रत्येक लॅम्डा नलपॉइंटर एरर फेकतो आणि खरं कारण झाकलं जातं.

सूट देऊन नंतर ती रद्दही केली, तर मात्र दुसरी टेस्ट लिहा.