नवाहो संकेत: भाषा वेगळी, कोड वेगळा

दुसऱ्या महायुद्धात, पॅसिफिकच्या लढाईत अमेरिकेच्या मरीन दलाने वापरलेल्या, नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या भाषेवर रचलेल्या संकेतांविषयी मराठीत लिहिताना ‘सांकेतिक लिपी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो चुकीचा आहे, कारण इथे लिपी नव्हतीच. एकाने रेडिओवर बोलायचे, पलीकडच्याने ऐकून त्याचे इंग्रजी करायचे. शब्दांचा तक्ता रणांगणावर न्यायला बंदी असल्यामुळे सगळे तोंडपाठ असावे लागे.

‘नवाहो भाषा हाच कोड होता’ हे विधान मात्र याहून जास्त नुकसान करते. दोन माणसे मायबोलीत बोलली आणि शत्रूला कळले नाही, एवढेच त्यातून उरते. पहिल्या महायुद्धात, 1918 साली फ्रान्समध्ये, चॉक्टॉ या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचे अमेरिकी सैनिक टेलिफोनवर साधारण तसेच बोलले होते. 1942 च्या सुरुवातीला ज्या मिशनरीपुत्राने संदेशांसाठी नवाहो वापरण्याची कल्पना मांडली, त्याचे लहानपण नवाहो वस्तीतच गेले होते आणि या भाषेची अवघड घडण त्याला ठाऊक होती. पण त्या वर्षी भरती झालेल्या 29 नवाहो तरुणांनी कॅलिफोर्नियात जे रचले, ते भाषेवर चढवलेले दुसरे कुलूप होते.

पाणबुडीला त्यांनी ‘बेश-लो’ म्हणजे लोखंडी मासा म्हटले. रणगाडा झाला कासव, हातबॉम्ब बटाटा, विमानातून पडणारे बॉम्ब अंडी. नावे लिहायची तर प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि उच्चारायचा त्याचा नवाहो प्रतिशब्द. इवो जिमा या जपानी बेटावरचा सुरिबाची डोंगर काबीज झाल्याची बातमी देताना त्याचे नाव असे गेले: मेंढी, मामा, एडका, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. यांच्या इंग्रजी शब्दांची (sheep, uncle, ram, ice, bear, ant, cat, horse, itch) आद्याक्षरे जोडली की ‘सुरिबाची’. सुरुवातीला 211 शब्दांचा असलेला हा संग्रह युद्ध संपेपर्यंत 411 वर गेला.

भाषा आणि कोड वेगळे असल्याचा सर्वात बोलका पुरावा जपानी कैदेत होता. फिलिपिन्समध्ये पकडलेल्या एका नवाहो सैनिकाला पकडलेले संदेश ऐकवून, हाल हाल करून अर्थ विचारण्यात आला. संकेतांचे प्रशिक्षण त्याला मिळालेलेच नव्हते. शब्द ओळखीचे, पण अर्थ लागेना. म्हणून ‘मायबोली कामी आली’ एवढ्यावर थांबणे मला त्या 29 जणांवर अन्याय वाटते. इवो जिमावर पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी 800 हून अधिक संदेश एकही चूक न करता पोचवले, ते या घोकलेल्या कामाच्या बळावर.

या कोडच्या मागे 1864 ची सक्तीची पायपीट आहे, अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना घरादारातून उठवून न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेलेली. त्याहून जवळची आठवण निवासी शाळांची. वर्गात नवाहो बोलले की पोरांची तोंडे साबणाने धुतली जात. तिथे शिकलेले इंग्रजी आणि तिथे दाबूनही न मेलेली भाषा, दोन्ही एकाच माणसाकडे होती म्हणून हा कोड उभा राहिला.

युद्धानंतर या संकेतवाहकांनी घरी काही सांगायचे नाही असा हुकूम होता. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आरक्षित प्रदेशात राहणाऱ्या नवाहोंना मतदानाचा हक्कही 1948 मध्ये, न्यायालयात जाऊन मिळाला. कोडवरची गुप्तता 1968 साली उठली. 1982 मध्ये 14 ऑगस्ट हा नवाहो संकेतवाहकांच्या सन्मानाचा दिवस जाहीर झाला. पहिल्या 29 जणांना सुवर्णपदके दिली गेली 2001 मध्ये. तोवर त्यांतले पाचच हयात होते आणि समारंभाला चौघे येऊ शकले. चॉक्टॉ, कोमांचे आणि इतर जमातींच्या संकेतवाहकांना तर 2013 पर्यंत थांबावे लागले. पुढच्याच वर्षी, 2014 च्या जूनमध्ये, त्या 29 मधला शेवटचा माणूस गेला.