वॉटर्स, एथेल : रेव्ह्यू रंगभूमीवरील कारकीर्द

एथेल वॉटर्स (३१ ऑक्टोबर १८९६–१ सप्टेंबर १९७७) या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका व अभिनेत्री. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांमुळे त्यांचे नाव दूरवर गेले. पण गायिकेची नटी घडली ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवरच्या रेव्ह्यूंत, १९२७ ते १९३५ या काळात.

रेव्ह्यू म्हणजे गाणी, नाच, नकला आणि छोटी प्रहसने यांची सलग कथानक नसलेली गुंफण. आपल्या संगीत नाटकात पद येते तेव्हा आधीचे प्रवेश पात्राच्या पाठीशी उभे असतात. रेव्ह्यूत तो आधार नाही. पडदा वर गेला की तीन-चार मिनिटांत माणूस उभा करायचा आणि विंगेत परतायचे.

पेन्सिल्व्हेनियातील चेस्टर येथे गरिबीत वाढलेल्या वॉटर्स फिलाडेल्फियात हॉटेलच्या खोल्या झाडण्याचे काम करीत. १९१७ च्या सुमारास त्या बॉल्टिमोरमध्ये व्होडव्हिलच्या (गाणी, नकला, कसरती अशा सुट्या करमणुकीच्या) खेळांत गाऊ लागल्या. शरीरयष्टी शेलाटी, म्हणून जाहिरातीत नाव पडले ‘स्वीट मामा स्ट्रिंगबीन’ (स्ट्रिंगबीन म्हणजे शेंग). १९१९ मध्ये त्या न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आल्या, १९२१ पासून ‘ब्लॅक स्वान’ या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी त्यांची ध्वनिमुद्रणे झाली. त्या काळच्या अनेक ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांचा प्रकार) गायिका आवाजाच्या ताकदीवर सभागृह भरून टाकत. वॉटर्स यांचा भर स्वच्छ शब्दोच्चारावर आणि अर्थावर होता. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लँटेशन क्लबात गायिका फ्लॉरेन्स मिल्स यांच्या जागी उभे राहून त्यांनी ‘डायना’ हे गाणे लोकप्रिय केले.

‘आफ्रिकाना’ (१९२७) हा त्यांचा ब्रॉडवेवरचा पहिला रेव्ह्यू. ‘ब्लॅकबर्ड्स ऑफ १९३०’ मंदीच्या तडाख्यात लवकरच बंद पडला. १९३१ मध्ये ‘रॅप्सडी इन ब्लॅक’ आला. हे तिन्ही कृष्णवर्णीय कलावंतांचे खेळ होते. १९३३ मध्ये हार्लेममधील कॉटन क्लब या नाइटक्लबात त्यांचे ‘स्टॉर्मी वेदर’ गाजले. संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनी ते ऐकले आणि आपल्या नव्या रेव्ह्यूत त्यांना घेतले.

तो रेव्ह्यू म्हणजे ‘अ‍ॅज थाउजंड्स चिअर’ (म्यूझिक बॉक्स थिएटर, ३० सप्टेंबर १९३३, ४०० प्रयोग). संहिता मॉस हार्ट यांची. रचना वर्तमानपत्राची : प्रत्येक प्रवेशाआधी एक मथळा. मेरिलिन मिलर, क्लिफ्टन वेब, हेलन ब्रॉडरिक या गोऱ्या कलावंतांच्या बरोबरीने वॉटर्स यांचे नाव लागले, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. हवामानवृत्ताच्या निमित्ताने येणारे ‘हीट वेव्ह’ खट्याळ. ‘हार्लेम ऑन माय माइंड’ पॅरिसमध्ये राहून हार्लेमसाठी झुरणाऱ्या गायिकेचे, आणि रोख अर्थातच पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावती जोसेफिन बेकर यांच्याकडे.

‘सपर टाइम’ मात्र निराळेच. मथळा झुंडबळीच्या बातमीचा : एका अनोळखी कृष्णवर्णीयाला खवळलेल्या जमावाने ठार मारले आहे. खाली एक बाई मुलांसाठी रात्रीचे जेवण मांडते आहे. नवरा परत येणार नाही, हे मुलांना कसे सांगायचे, एवढाच तिचा प्रश्न. गाण्यात खुनाचा उच्चारही नाही. तो मथळा सांगतो, आणि म्हणूनच साधे ताट मांडणे असह्य होते. हसतखेळत चाललेल्या खेळात हे नको, असे काहींचे मत होते. बर्लिन यांनी ते ठेवले, आणि आज त्या रेव्ह्यूची आठवण निघते ती बहुधा याच गाण्यामुळे.

प्रयोगानंतर वॉटर्स यांच्यासोबत अभिवादनाला उभे राहायला सहकलावंत तयार नव्हते. तसे असेल तर अभिवादनच नको, असे बर्लिन यांनी बजावल्यावर ते मुकाट्याने उभे राहिले, अशी आठवण सांगतात.

१९३५ च्या ‘अ‍ॅट होम अब्रॉड’मध्ये बिआट्रिस लिली आणि एलिनॉर पॉवेल सोबत होत्या; दिग्दर्शन व्हिन्सेंट मिनेली यांचे. नंतर वॉटर्स गंभीर नाटकाकडे वळल्या. ‘माम्बाज डॉटर्स’ (१९३९) या नाटकात त्यांनी हेगर ही मुख्य भूमिका केली. पहिल्या प्रयोगाअखेर प्रेक्षकांनी १७ वेळा पडदा उघडायला लावला.