घरातील तिबेटी प्रार्थना-पताका आणि फेंगशुई

मंत्र, सूत्रे आणि प्राण्यांच्या आकृत्या छापलेल्या, एका दोरीला ओळीने शिवलेल्या चौकोनी रंगीत कापडांना प्रार्थना-पताका म्हणतात. तिबेट, नेपाळ, भूतान, सिक्कीम आणि लडाखमध्ये त्या खिंडी, स्तूप, पूल आणि घरांच्या छपरांवर बांधण्याची चाल आहे. गेल्या काही दशकांत त्या फेंगशुईच्या वस्तू म्हणून शहरांतल्या घरांत आल्या. समृद्धी यावी, घरातली साचलेली ऊर्जा हलती व्हावी, अशा अपेक्षेने त्या लावल्या जातात. तिबेटी आचार आणि चिनी गृहशास्त्र या दोन परंपरा येथे एकमेकींत मिसळल्या आहेत.

पताका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. आडव्या दोरीवरच्या त्या ‘लुंगता’ (शब्दशः ‘वाऱ्याचा घोडा’) आणि उंच खांबाला उभ्या बांधलेल्या त्या ‘दारचोर’. लुंगतेच्या मधोमध पाठीवर तीन ज्वलंत रत्ने वाहणारा घोडा असतो. ही रत्ने म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ. चार कोपऱ्यांत गरुड, ड्रॅगन, वाघ आणि हिमसिंह असतात. उरलेली जागा अवलोकितेश्वर, मंजुश्री हे बोधिसत्त्व आणि गुरू पद्मसंभव यांच्या मंत्रांनी भरलेली असते. छपाई पूर्वी कोरीव लाकडी ठशांनी सुती कापडावर होई. बौद्ध धर्म येण्याआधीच्या बोन परंपरेतही रंगीत कापडे बांधत असत, असे मानले जाते. कापडावर सूत्रे छापण्याची रीत मात्र १०४२ मध्ये तिबेटात गेलेल्या आचार्य अतिश दीपंकर यांनी शिकवली, असे परंपरा सांगते. पताकांचा एक धागा पाली धजग्ग सुत्तापर्यंतही नेला जातो. युद्धात भय वाटले तर माझ्या ध्वजाच्या टोकाकडे पाहा, असे शक्र, म्हणजे इंद्र, देवांना सांगतो, ही त्या सुत्तातली कथा. भिक्खूंनी मात्र भय वाटल्यास बुद्ध, धम्म आणि संघाचे स्मरण करावे, असे बुद्ध तेथे सांगतात.

पताका बांधण्यामागचा हेतू दातृत्वाचा आहे. वारा कापडाला स्पर्शून जातो आणि मंत्रांची पुण्याई दूरवर पोचवतो, वाटेतल्या सर्व जीवांचे भले होते, ही श्रद्धा. बांधणाऱ्याने मनात तेवढीच व्यापक इच्छा धरावी, असे लामा सांगतात. फेंगशुईच्या दुकानात पताका ‘पैसा खेचणारी’ म्हणून विकली जाते तेव्हा नेमका हाच गाभा हरवतो.

तरीही फेंगशुईशी तिचा संबंध अगदीच ओढूनताणून जोडलेला नाही. तिबेटी ज्योतिषाच्या ‘नाक्त्सी’ या शाखेत चिनी पद्धतीची लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही पाच तत्त्वे वापरतात. माणसाचे वर्ष पाहताना प्राण, शरीर, सामर्थ्य आणि लुंगता, म्हणजे येथे भाग्यबळ, असे घटक तपासले जातात. लुंगता क्षीण दिसली, तर पताका बांधायला सांगतात. हे ज्योतिष आजही शिकवले जाते. ल्हासात १९१६ मध्ये स्थापन झालेली आणि १९६१ पासून धरमशालेत पुन्हा उभी राहिलेली मेन-त्सी-खांग ही त्याची प्रमुख संस्था आहे. दुसरा दुवा अमेरिकेतला आहे. थॉमस लिन युन (१९३२–२०१०) यांनी तिबेटी तांत्रिक बौद्ध परंपरेचा वारसा सांगत तेथे फेंगशुईचा स्वतंत्र पंथ रुजवला आणि १९८६ मध्ये बर्कलीत मंदिर स्थापले. होकायंत्राऐवजी मुख्य दारावरून घराचे नऊ भाग ठरवणे आणि मंदावलेली ‘ची’, म्हणजे जीवनऊर्जा, हलत्या, वाजत्या, चकाकत्या वस्तूंनी जागी करणे हे या पंथाचे वैशिष्ट्य. वाऱ्यावर फडफडणारी पताका अशा उपायांत सहज बसते.

घोटाळा होतो तो रंगांवरून. पताकांचा प्रचलित क्रम डावीकडून निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा असा असतो आणि ते अनुक्रमे आकाश, वायू, अग्नी, जल व पृथ्वी यांचे रंग मानले जातात. ही भारतीय पंचमहाभूते आहेत. फेंगशुईत हिरवा लाकडाचा, पांढरा धातूचा आणि काळा-निळा पाण्याचा. म्हणजे केवळ लाल आणि पिवळा दोन्हीकडे जुळतात. त्यामुळे ‘पूर्वेला फक्त हिरव्या पताका लावा’ या सल्ल्याला लुंगतेच्या परंपरेत आधार नाही. रंग वेगळे केले की पाच तत्त्वांचा समतोलच मोडतो. महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते: १८८५ मध्ये श्रीलंकेत तयार झालेला निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी पट्ट्यांचा बौद्ध ध्वज, जो आपल्याकडे पंचशील ध्वज म्हणून ओळखला जातो, तो सर्वस्वी निराळा आहे.

घरात पताका लावायच्या, तर गॅलरी, गच्ची, अंगण किंवा खुली खिडकी हीच योग्य जागा. बंद खोलीत त्या लावता येतात, पण वाऱ्याचे काम तेथे होत नाही. त्या उंचावर बांधाव्यात, जमिनीवर ठेवू नयेत, पायाखाली येऊ देऊ नयेत. पायपुसणे किंवा सोफ्याचे आवरण म्हणून त्यांचा वापर श्रद्धावंतांना दुखावणारा आहे. लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, हा नव्या पताका बांधण्याचा खास काळ.

विटलेल्या पताकांबाबत दोन परंपरा उलट टोकांना जातात. फाटके-विटके सामान साचलेली ऊर्जा धरून ठेवते, म्हणून ते काढा, असे फेंगशुई सांगते. तिबेटी माणसाला मात्र विरलेले कापड प्रार्थना वाऱ्यात गेल्याची खूण वाटते. जुन्या दोरीशेजारीच नवी बांधली जाते, आणि उतरवलेल्या पताका आदराने जाळतात.

महाराष्ट्रात पताका बहुधा लेह, सिक्कीम, धरमशाला येथून परतणाऱ्या प्रवाशांबरोबर येतात आणि घरांइतक्याच मोटारसायकलींच्या हँडलवरही दिसतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. तेथे पताका लावण्याचा मूळ आचार राज्यातच पाहायला मिळतो. बाजारात सध्या मिळणारा पुष्कळ माल पॉलिस्टरचा असतो. तो सुतासारखा मातीत मिसळत नाही आणि जाळल्यास वितळून विषारी धूर देतो. म्हणून घेताना सुती कापडच मागावे.