आजीसाठी मीस, सायबाकडे मागणे

गोव्यातल्या दैनिकाचे छोट्या जाहिरातींचे पान उघडले की दोन तऱ्हेच्या चौकटी शेजारी शेजारी दिसतात. एकीत चष्मा लावलेल्या आजीचा फोटो, खाली तिच्या महिन्याच्या मिसाची, म्हणजे मरणानंतर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेची, तारीख, चर्च आणि वेळ. दुसरीत सेंट ज्यूड किंवा सेंट अँथनीचे चित्र, 'मागितलेले दिल्याबद्दल आभार' एवढीच ओळ आणि खाली दोन आद्याक्षरे. दोन्ही माणसे मेलेली. दोघांच्या नावाने मेणबत्ती लागते, दोघांच्या नावाने चर्चमध्ये मीसही होते. मग फोंडा-डिचोलीकडच्या आपल्या हिंदू माणसाने 'ख्रिश्चन लोक मेलेल्यांची पूजा करतात' असा सरसकट निष्कर्ष काढला तर नवल नाही.

पण या दोन चौकटींची दिशा उलटी आहे. पहिलीत जिवंत माणूस मेलेल्यासाठी देवाकडे मागतो. दुसरीत जिवंत माणूस मेलेल्याला म्हणतो, तू माझ्यासाठी देवाकडे शब्द टाक. आजीला मदत हवी आहे असे धरून पहिली छापली जाते; संत मदत करू शकतो असे धरून दुसरी.

आपला घोटाळा होतो तो म्हाळामुळे, असे मला वाटते. म्हाळात पितरांना पिंड देतो, तिलोदक देतो आणि शेवटी त्यांच्याकडेच मागतो, 'दातारो नोऽभिवर्धन्ताम्', आमच्या कुळात देणारे वाढोत. घेणारे तेच आणि देणारेही तेच. कॅथलिक पंथाने हे दोन व्यवहार वेगळे काढले. ते का काढले, हे कळायला मरणानंतर काय होते याबद्दल त्यांचे म्हणणे काय, ते आधी पाहावे लागते.

पुनर्जन्म नाही. मेल्याबरोबर प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय होतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबावे लागत नाही. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 साली हे अधिकृतपणे सांगून टाकले. न्यायानंतर वाटा तीन. थेट स्वर्ग, कायमचा नरक, किंवा स्वर्ग निश्चित पण आधी शुद्धी. ही तिसरी अवस्था म्हणजे पुर्गातोर. मराठी कॅथलिक तिला शुद्धिस्थान म्हणतात. जुन्या चित्रांत ज्वाळांमधून हात वर केलेली माणसे दिसतात, म्हणून तो सौम्य नरक असावा असे बघणाऱ्याला वाटते. ते बरोबर नाही. तिथून खाली कोणी जात नाही, सगळे वरच जातात. आणि ती दुसरी संधीही नव्हे. निर्णय लागून गेलेला असतो, राहिलेला असतो तो मळ.

यातून प्रार्थनेचे गणित आपोआप सुटते. स्वर्गातल्याला आपल्या प्रार्थनेची गरज नाही. नरकातल्याला तिचा उपयोग नाही. उपयोग होतो तो शुद्धिस्थानातल्याला, कारण त्याला स्वतःसाठी आता काही करता येत नाही असे मानतात. आणि कोण कुठे आहे हे तर कोणालाच ठाऊक नसते. अमका नरकात गेला असे चर्चने आजवर कोणाचे नाव घेऊन जाहीर केलेले नाही. म्हणून प्रार्थना सगळ्यांसाठी, गावातल्या नामचीन दारुड्यासाठीसुद्धा.

आधार म्हणून कॅथलिक बायबलातल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय दाखवतात. लढाईत पडलेल्या शिपायांच्या पापासाठी यहूदा मक्काबी चांदीची दोन हजार नाणी जमवतो आणि अर्पणासाठी जेरुसलेमला पाठवतो. प्रोटेस्टंटांच्या बायबलात हे पुस्तक नाही. त्यामुळे नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले ख्रिस्ती कुटुंब ओळखीचे असेल, तर त्यांना 'आत्म्यासाठी मीस कधी?' असे विचारू नका. ते दोन्ही चौकटी नाकारतात, मृतांसाठीची प्रार्थनाही आणि संतांकडचे मागणेही. या नकाराला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने डिसेंबर 1563 मध्ये, आपल्या शेवटच्या बैठकीत, दोन्हींवर ठराव केले. दोन ठराव, वेगवेगळे. तिथेही त्यांची सरमिसळ केली नाही.

पंचांगात मात्र दोन्ही इतके खेटून आहेत की गोंधळ व्हायचाच. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा, 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा, म्हणजे गोव्यातला आल्मांचो दीस. दुसरी तारीख क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांना लावून दिली आणि ती पुढे सगळीकडे पसरली. एक तारखेला पाद्रीचा झगा पांढरा, दोनला बहुधा जांभळा. पहिला उत्सव आहे, दुसरी विनवणी. पहिल्या महायुद्धात माणसे इतकी मेली की 1915 साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक पाद्रीला 2 नोव्हेंबरला तीन मिसे करण्याची मुभा दिली. ती आजही आहे.

गोव्यात 2 नोव्हेंबरच्या आधीच्या आठवड्यात दफनभूमीत गेलात तर तण उपटणे, थडगी घासणे, क्रुसाला चुना लावणे चाललेले असते. मडगाव-म्हापशाच्या बाजारात झेंडू-शेवंतीचे हार आणि मेणबत्त्यांचे पुडे येतात. पाद्री थडग्यांमधून पवित्र पाणी शिंपडत फिरतो. गावच्या दफनभूमीत कायमची जागा सगळ्यांना मिळत नाही. काही वर्षांनी हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि खड्डा दुसऱ्याला देतात. त्यामुळे बरीच माणसे फुले घेऊन थडग्यापाशी नव्हे, तर भिंतीतल्या हातभर फरशीपाशी उभी दिसतात. 1 ते 8 नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद वगैरे अटी पाळल्या, तर रोज एक पूर्ण इंडल्जन्स मिळतो. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा झाल्यावरही उरलेल्या शिक्षेतली सूट. आणि ही सूट स्वतःच्या खात्यावर जमा करता येत नाही, ती शुद्धिस्थानातल्या आत्म्यालाच द्यावी लागते.

आता महिनाभराने जुन्या गोव्यात या. 3 डिसेंबर, सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे सण. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर 1552 साली याच तारखेला ते वारले. देह 1554 मध्ये गोव्यात आला आणि आज तो बॉम जेझू चर्चमध्ये आहे. 1622 साली त्यांना संतपद मिळाले. देह समोर आहे, मृत्यूची तारीख आहे, मेणबत्त्याही आहेत, तरी झेवियरच्या आत्म्याला शांती मिळो अशी प्रार्थना तिथे कोणी करत नाही. ती कॅथलिक कानाला विचित्रच वाटेल, कारण संतपद म्हणजे हा माणूस स्वर्गात आहे असे चर्चने दिलेले खात्रीचे वचन. 2024-25 च्या शवप्रदर्शनाच्या वेळी फेसबुकवर आपल्याच लोकांनी फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेले मी पाहिले. भावना चांगली, पत्ता चुकला. तिथे लोक येतात ते 'गोंयच्या सायबा'कडे, म्हणजे झेवियरकडे, मागायला. अर्थात देणारा देवच, सायब रदबदली करतो. वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे संतांची नावे घेत केलेली सामुदायिक प्रार्थना, म्हणतात तिथे हे स्वच्छ ऐकू येते: संताचे नाव घेतले की सगळे 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात, आमच्यासाठी विनंती कर. देवाचे नाव आले की शब्द बदलतात आणि दया मागतात.

खरी मजा मधल्या माणसांची. पिलारला पाद्रे आग्नेल यांच्या समाधीवर गर्दी असते. ते 1927 साली वारले. 1986 साली त्यांना 'व्हेनरेबल', म्हणजे आदरणीय, ठरवले गेले. त्यांच्याकडे खासगीत खुशाल मागावे, पण त्यांच्या नावाची वेदी किंवा त्यांच्या सन्मानाचे मीस अजून चालत नाही. पुढची पायरी चमत्काराची. कोणीतरी त्यांच्याकडे मागायचे, मिळालेले वैद्यकीय तपासात टिकायचे, की मग ते स्वर्गात आहेत हे मानले जाते. थोडक्यात, पोहोच आली म्हणजे पत्ता बरोबर. बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ याच वाटेने 1995 साली 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरले, आणि 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

दुसऱ्या टोकाला लहान मूल. बाप्तिस्मा झालेले, पण समज येण्याआधी गेलेले बाळ थेट स्वर्गात जाते असे मानतात. त्याच्या अंत्यविधीला झगा पांढरा असतो आणि प्रार्थनेचा भर आईबापांना धीर देण्यावर असतो.

चर्चच्या ऑफिसात मात्र दोन्हींची नोंद एकाच वहीत होते. अमुक आत्म्यासाठी एक मीस, सेंट अँथनीच्या आभाराचे एक मीस. दोन्ही मिसे देवालाच अर्पण. पहिल्यात नाव लाभ घेणाऱ्याचे, दुसऱ्यात उपकार करणाऱ्याचे. पैसे देतात ते पाद्रीसाठी अर्पण म्हणून. ती किंमत आहे असे म्हटलेले त्यांना अजिबात आवडत नाही, आपल्या भटजींना दक्षिणेबद्दल आवडत नाही तसेच.

आणि ही सगळी चौकट घरात थोडी वाकते. जुन्या गोंयकार घरात लग्नाआधी भिकाऱ्यांचे जेवण घालतात, गेलेल्या वाडवडिलांच्या नावाने. ते पुण्य त्यांना पोहोचावे म्हणून, आणि त्यांचा आशीर्वाद लग्नाला लाभावा म्हणूनही. म्हणजे आपला म्हाळच झाला की! चर्चही इथे फार ताणून धरत नाही. 1992 च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात लिहिले आहे की मृतांसाठी केलेली प्रार्थना त्यांना मदत करतेच, शिवाय त्यांनी आपल्यासाठी केलेली विनंतीही फलद्रूप करू शकते.

शेजारच्या कॅथलिक घरात कोणी गेले तर 'आत्म्यास चिरशांती लाभो' बिनधास्त लिहा, ते त्यांच्या प्रार्थनेच्या अगदी जवळचे आहे. महिन्याच्या मिसाला बोलावले तर जा, मागच्या बाकावर बसा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत मात्र उभे राहू नका, तो त्यांच्यातल्यांनाच देतात. आणि 3 डिसेंबरला फेस्ताच्या शुभेच्छा द्या.