टिक्का की साको: कारखाना एकच, मग पैसे दुप्पट कशाचे?

फिनलंडमध्ये शिकारीची परीक्षा पास झालेला नवा माणूस बंदुकीच्या दुकानात गेला की अर्ध्या तासात एकाच प्रश्नावर येऊन अडतो, टिक्का घेऊ का साको. दोन्ही बोल्ट अ‍ॅक्शन रायफली (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हा मागचा दांडा हाताने मागेपुढे ओढायचा), दोन्ही रीहिमॅकी नावाच्या एकाच गावातल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात, लांबून बघितलं तर सारख्याच दिसतात, आणि किमतीची चिठ्ठी बघितली की एक हजार-बाराशे युरोच्या आसपास आणि दुसरी सहज दोन हजारांच्या वर. मग कोणीतरी शहाणा सांगतो, अरे आतून सगळं सेम आहे, साकोवाले फक्त लाकूड चांगलं लावतात आणि नाव विकतात. नळीपुरतं बोलायचं तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. बाकी रायफलपुरतं नाही.

एकाच कारखान्यात कशा आल्या ते थोडक्यात. साको 1921 सालची. टिक्का मूळची टिक्काकोस्की गावातली, त्याहून जुनी, 1893 ची. 1980 च्या दशकात दोन्ही एकत्र आल्या आणि टिक्काचं उत्पादन रीहिमॅकीला हललं, पुढे 2000 मध्ये इटलीच्या बेरेटाने सगळंच विकत घेतलं. आता मालकाने ठरवून टाकलंय की टिक्का म्हणजे कामाची आणि साको म्हणजे हौसेची. इथे मी टिक्काची टी3एक्स आणि साकोची 85 धरतोय, कारण लोकांचा घोळ होतो तो याच दोघींत. (2023 ला साको 90 आली, तिचा उल्लेख पुढे पुंगळीच्या तक्रारीत येईल.)

आधी नेम, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. दोन्हींच्या नळ्या कोल्ड हॅमर फोर्जिंगने बनतात, म्हणजे पोकळ दांडा आतल्या साच्यावर थंडच ठोकून ठोकून आकाराला आणतात, आणि दोन्ही कारखान्यातून निघताना 1 एमओएची हमी घेऊन निघतात, म्हणजे 100 मीटरवर साधारण 3 सेंटिमीटरच्या आत गोळ्या. हमी देताना टिक्का तीन गोळ्यांची देते आणि साको पाच गोळ्यांची, हा फरक कागदावर आहे, पण जंगलात तो कोणाला जाणवणार? मूस (तिकडचं भलंमोठं हरीण) मारायला जी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते तिथे 75 मीटरवर चार गोळ्या 23 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायच्या असतात. रायफल त्याच्या कितीतरी पुढे आहे, मागे पडतो तो आपला खांदा आणि आपला श्वास. त्यामुळे नेमासाठी म्हणून कोणी साकोचे जादा पैसे मोजत असेल तर त्याने ते सरळ काडतुसांवर घालवावेत आणि रेंजवर जावं.

आता दिसणं. इथे मी प्रामाणिकपणे साकोच्या बाजूने आहे. 85 हंटर (85 चा लाकडी दस्त्याचा प्रकार) हातात घेतली की अक्रोडाचा दस्ता, तेल मुरलेलं लाकूड, लोखंडावरचं गडद निळसर पॉलिश, बोल्ट मागे ओढला तर तो काचेवरून सरकल्यासारखा येतो. टी3एक्सचा साधा प्रकार म्हणजे टिक्का लाइट, तिचा दस्ता सिंथेटिक, ट्रिगर गार्ड प्लास्टिकचा, मॅगझिन प्लास्टिकचं. जुन्या टी3 चा दस्ता तर इतका पोकळ की झाडाची फांदी घासली तरी आवाज घुमायचा, 2016 ला टी3एक्स आणताना त्यांनी आत फोम भरला, मुठीचा भाग बदलता येईल असा केला, बोल्टच्या मागची प्लास्टिकची टोपी काढून धातूची लावली, आणि आतला रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर घेणारा तुकडा) अ‍ॅल्युमिनियमचा होता तो स्टीलचा केला. म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकल्या. तरीही सौंदर्यस्पर्धेत ती साकोशेजारी उभी राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही, कारण ऑक्टोबरच्या चिखलात, ओल्या बर्फात, दिवसभर झुडपांतून फिरताना सुंदर लाकडावर पहिला ओरखडा पडला की जीव किती जळतो ते ज्याचं त्याला माहीत. लाकडाला तेलपाणी लागतं, सिंथेटिकला फडकं पुरतं.

पण साको म्हणजे नुसतं लाकूड नाही हे कळतं ते सेफ्टीपाशी. टिक्काची सेफ्टी लावली की ट्रिगर बंद आणि बोल्टही बंद. म्हणजे शिकार संपली, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला) काडतूस आहे, ते बाहेर काढायचंय, तर आधी सेफ्टी काढावीच लागते. थंडीने बधिर झालेली बोटं, अंधार पडत आलेला, आजूबाजूला टीममधली माणसं, आणि त्या क्षणी भरलेल्या रायफलीची सेफ्टी काढणं. नळीचं तोंड जमिनीकडे ठेवलं आणि बोट ट्रिगरपासून लांब ठेवलं तर काही होत नाही, हजारो लोक रोज तसंच करतात. साको 85 ला मात्र सेफ्टीच्या पुढ्यात एक छोटं बटण आहे, ते दाबून सेफ्टी लावलेली असतानाच बोल्ट उघडता येतो आणि काडतूस बाहेर येतं. एवढीशी गोष्ट, पण मला विचाराल तर जादा पैशांचं सगळ्यात पटणारं कारण हेच.

मॅगझिनचंही तसंच. साकोचं मॅगझिन धातूचं, काडतुसं दोन रांगांत बसतात, रायफलीत असतानाच वरून भरता येतं, आणि काढताना खालून थोडं वर दाबून मगच खटका ओढायचा, म्हणजे झुडपात आपोआप पडायची भीती नाही. टिक्काचं एका रांगेचं, नेहमीच्या लाइटबरोबर तीन काडतुसांचं येतं, हलकं आणि बिनतक्रार, पण जास्तीचं मॅगझिन घ्यायला गेलात की प्लास्टिकच्या डबीला एवढे पैसे? असं होतं.

अ‍ॅक्शनचं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचं, गणित अजून वेगळं. टिक्का छोट्या .223 पासून दणकट .300 विन मॅगपर्यंत सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची अ‍ॅक्शन देते, फक्त बोल्ट किती मागे यावा तो अडसर आणि मॅगझिन बदलतं. स्वस्ताई यातूनच येते. साको काडतुसाच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या लांबीच्या अ‍ॅक्शन करते, म्हणून .223 ची साको खरंच छोटी आणि गोंडस असते. पण तुम्ही .308 किंवा .30-06 घेणार असाल (आणि मूससाठी बहुतेक तेच घेतात) तर या फरकाचं तुम्हाला फारसं सोयरसुतक नाही. बोल्ट दोन्हींचा 70 अंशच उचलावा लागतो, त्यामुळे खाली बसवलेल्या स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) हात आपटत नाही, बोल्ट बंद झाल्यावर अडकवून धरणारे दात, म्हणजे लग, साकोला तीन आहेत आणि टिक्काला दोन, पण वापरताना हा फरक हाताला कळत नाही.

उलट एका बाबतीत महागडीच मागे पडते. 85 बद्दल शिकाऱ्यांत वर्षानुवर्षं एक कुरबुर आहे, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाताना जरा जास्तच वर उडते आणि स्कोपच्या बाजूच्या टरेटला (नेम जुळवायच्या गोल बटणाला) आपटून कधीकधी परत आत पडते. प्रत्येक रायफलीत होतं असं नाही, काडतूस, स्कोप, माउंटची (स्कोप धरणाऱ्या पकडीची) उंची यावर ठरतं, आणि बोल्ट जोरात ओढणाऱ्याला त्रास कमी होतो. 90 मध्ये त्यांनी इजेक्टरची रचनाच बदलली त्यावरून काय ते समजा. टिक्काबद्दल ही तक्रार ऐकू येत नाही.

आणि छुपा खर्च. साको 85 च्या माथ्यावर स्कोपसाठी स्वतःची निमुळती खाच आहे, तिला बसणारे खास माउंट घ्यावे लागतात आणि ते स्वस्त नसतात. टिक्कावर साधी पिकाटिनी पट्टी (आडव्या खाचांची, सगळीकडे चालणारी) स्क्रूने बसते, वर कुठल्याही रिंगा. म्हणजे बाराशे विरुद्ध बावीसशे हा हिशोब स्कोप चढेपर्यंत अजून फाकतो.

वजनाचं म्हणाल तर टिक्का लाइट तीन किलोच्या आसपास, 85 हंटर तिच्यापेक्षा जरा जड. हलकी म्हणजे चांगली असं लगेच धरू नका, .300 विन मॅगमध्ये हलकी रायफल खांद्याला असा दणका देते की पुढच्या वेळी माणूस आधीच डोळे मिटतो.

जाता जाता, गावाकडून नेहमी विचारणा होते, रानडुकरांनी सोयाबीन खाल्लं, अशी एखादी इकडे चालेल का. नाही चालणार, 1972 च्या वन्यजीव कायद्याने हौसेची शिकार बंदच आहे, पिकांच्या नुकसानीसाठी वनखात्याची परवानगी हा वेगळा रस्ता आणि तिथे रायफलीच्या मॉडेलने काही फरक पडत नाही.

मी स्वतः काय घेईन? पहिली रायफल असेल तर टिक्काच, आणि लाकूड आवडत असेल तर टी3एक्स हंटर बघा, तीच अ‍ॅक्शन पण अक्रोडाच्या दस्त्यात, लाइटपेक्षा थोडी महाग आणि साकोपेक्षा बरीच स्वस्त. लोक थेट लाइट आणि साकोच्या भांडणात पडतात आणि ही मधली विसरतात. उरलेले पैसे स्कोपमध्ये घाला, संध्याकाळच्या अंधुक उजेडात मूस दिसतो तो काचेमुळे. आणि जीव साकोवरच जडला असेल तर जुनी 85 बघा, फक्त घेण्याआधी स्कोप चढवून डमी (बिनदारूची) काडतुसं भरा आणि बोल्ट हळू आणि जोरात असा दोन्ही प्रकारे ओढून पुंगळी कुठे जाते ते बघा, आणि माउंट किमतीत धरलेत का ते आधीच विचारून घ्या.