गणपतीच्या माथ्यावरचं रान

चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव यांपैकी कुठल्याही बाजारात जा, फुलांपेक्षा जास्त गर्दी वेलींच्या आणि रानफळांच्या वाट्यांपुढे दिसेल. सत्तरी, पेडणे, काणकोण भागातल्या बाया पहाटेच गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. लालबुंद कवंडळं, कांगण्यांचे झुबके, नागलकुड्याची जोडफळं, घागऱ्या, शेरवड, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, आंब्याचे टाळे म्हणजे पानांच्या डहाळ्या. माटोळीचं सामान ते हेच.

माटोळी म्हणजे गणपतीच्या बरोबर माथ्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिच्यावर बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या बांधायच्या आणि त्यांना नारळाची पेंड म्हणजे घोस, केळीचा घड, तोरंजन, चिबूड, आंबाडे आणि रानातलं जे जे त्या आठवड्यात पिकलंय ते सगळं लटकवायचं. कोकणीत मांडवाला माटव म्हणतात, माटोळी हा त्याचाच लहानसा मांडव. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. जुन्या घरांत तुळईला तिच्यासाठी कायमचे आकडे असतात. त्या रिकाम्या आकड्यांकडे बघूनही देवाची जागा कळते.

आजोळी, सिंधुदुर्गातल्या बांद्याजवळ, हे काम मामाचं. आम्ही मुलं फळं तोडून आणायचो आणि दर वर्षी एकच बोलणं खायचो. “देठ लांब ठेव रे. देठ आखूड झालो तर दोर खंय बांधतलंस?” दोर म्हणजे सुतळी नव्हे. केवणीच्या किंवा कुंभ्याच्या फांदीची साल सोलून तिच्या ओल्या पट्ट्या काढायच्या, त्याच गाठीला. मामा साल दातांत धरून एका हाताने ओढायचा, दुसऱ्या हातात कवंडळ तोललेलं असायचं. गाठ एकदा बसली की विसर्जनापर्यंत हलायची नाही. अवजड वस्तू आधी: नारळ चारही कोपऱ्यांना, केळीचा घड एका अंगाला, त्याला तोल म्हणून दुसऱ्या अंगाला सुपारीचं शिपटं. मग मधल्या जागेत बारीक रानफळं. टाळे सगळ्यांत शेवटी, बांधकाम झाकायला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे माटोळीचा भार फुलांवर नसतो. दीड दिवसाच्या गणपतीला फूल पुरतं, पाच-सात-अकरा दिवसांच्या गणपतीला पुरत नाही. फळ मात्र देठासकट टांगलं की टिकतं. फुलांत मान आहे तो न कोमेजता रंग देणाऱ्यांना. शेरवडीचं खरं फूल इवलंसं, नारिंगी. पण त्याचं एक निदल मोठं होऊन पांढऱ्या पानासारखं पसरतं आणि हिरव्या गर्दीत लांबूनही चमकतं. कळलावीच्या पानांची टोकं तणावे होऊन आधाराला विळखा घालतात, म्हणून ती पट्टीवर स्वतःच वेढून बसल्यासारखी दिसते. तिच्या पाकळ्या हिरवट पिवळ्यापासून लालपर्यंत रंग बदलत जातात. महाराष्ट्रात काही ठिकाणी तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात, इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुठल्या फुलाला असेल असं मला वाटत नाही. ती विषारी आहे, कवंडळही तोंडात घालण्यासारखं नाही. घरात लहान मुलं असतील तर हे आधी सांगायला हवं, आणि आम्हाला ते सांगितलं जायचंच. रान ओळखायचा पहिला धडा तोच होता.

हे सगळं भाद्रपदातच का, याचं उत्तर शेतात आहे. पावसाचा जोर ओसरत आलेला असतो, वेलींना फळं धरलेली असतात, भाताला लोंब्या येत असतात. गोव्यात चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम असते. नव्या भाताची कणसं घरी आणून पुजली जातात. त्याच सुमाराला किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, गावांत कोणशाचं फेस्त, कणसांचा सण, होतं, रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. पाद्री शेतात जाऊन कणसांना आशीर्वाद देतो आणि ती चर्चमध्ये नेली जातात. धर्म बदलला, पण नवं पीक आधी देवापुढे ठेवायची रीत तिथेच राहिली.

मला यात एक धागा दिसतो. मूर्ती नसली तरी इथल्या माणसाचं पान-वेलीवाचून चाललं नाही. गणपतीच्या पूजेतच २१ पत्री आहेत. बेल, माका, आघाडा, शमी, रुई, डोरली, धोतरा, मरवा, जाई... परसात आणि बांधावर उगवणारीच नावं. गौरी तर कोकणात कित्येक घरांत तेरड्याच्या रोपांची, मुळांसकट आणलेली. तिला मुखवटा हवाच असं नाही.

गोव्याचा इतिहास या धाग्याची परीक्षाच घेतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी त्यांच्याकडे गेले, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा यांसारख्या देवता नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवाव्या लागल्या. ज्या घरांत मूर्ती ठेवणं म्हणजे संकट होतं तिथे कागदावर काढलेला गणपती किंवा नुसत्या पत्री पुजल्या जाऊ लागल्या, असं त्या घराण्यांत आजही सांगतात. काही घरांत चतुर्थीला अजूनही मातीची मूर्ती येत नाही, कागद किंवा पत्रीच पाटावर बसते. कपाटात लपवता येणारा, कुणी आलं तर पाल्यात पाला मिसळून जाणारा देव.

हे राज्यकर्त्यांनाही कळलं होतं. १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात पोशाख, लग्नाच्या रीती यांच्याबरोबर घरात-अंगणात तुळस ठेवायलाही बंदी आहे, असेल तिथून ती उपटून टाकायचा हुकूम आहे. एका झुडपाचा इतका धसका घ्यावासा वाटला, यातच त्याचं वजन कळतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे असे नव्या काबिजादीतले, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखातले, महाल पोर्तुगीजांकडे गेले, यांतलं पेडणे शेवटी, १७८८ मध्ये. तोवर त्यांचं धोरण मवाळ झालं होतं, तिथल्या हिंदूंना आपापले आचार पाळता आले. यांतले सत्तरीसारखे महाल सह्याद्रीला लागून आणि जंगलाचे. माटोळीतली रानफळांची श्रीमंती आजही तिकडेच जास्त आढळते, त्यामागे ही दोन्ही कारणं आहेत असं मी मानतो.

जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी घेतलेल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, वेलींनी दुसरी वाट काढली. २४ जूनला सांजांव, संत जॉनचा सण, असतो. पावसाने भरलेल्या विहिरींत माणसं उड्या टाकतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोपेल असते, वेली, पानं, फुलं, कधी फळंही गुंफून केलेला मुकुट. कोपेल विणणारे हात आणि माटोळी बांधणारे हात एकाच रानातून वेल ओढतात.

अलीकडे गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं. घराघरांतून शेकड्यांनी प्रकार टांगले जातात, काही जण त्यांतून देवादिकांच्या आकृतीही रचतात. त्याने नावं विसरली जात नाहीत हे खरं आणि मोलाचं. पण आकडा वाढवायच्या ओढीत वेल मुळासकट उपटली की पुढच्या वर्षी ती तिथे नसते. कळलावीचा कंद जमिनीत राहिला तरच ती पुन्हा फुटते. बाजारातल्या जाणत्या बाया देठ कापून आणतात, उपटलेलं सामान घेऊन बसत नाहीत. त्यांच्याकडूनच घ्यावं, चार रुपये जास्त पडले तरी.

आजोळी विसर्जनानंतर चिबूड आणि केळी वाटली जातात, नारळ घरात राहतात, बाकी सामान मागच्या माडाच्या बुंध्याशी टाकतात. मामा गेला त्याच्या पुढच्या पावसात तिथे एक वेल वर आली आणि माडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत चढली. मामीने ती कुणाला काढू दिली नाही. भाद्रपदात तिला सात कवंडळं धरली. मामेभावाने ती शिडी लावून काढली, देठ लांब ठेवून.